ओल्या फडक्यातला हार

लग्नातली फुलं जपून ठेवायची असतात, हे मला इंदूरच्या विजय नगरात कळलं. तोवर माझी समजूत अशी होती की फुलं सुकतात आणि निर्माल्याच्या पिशवीत जातात. पण तिथल्या एका फ्लॅटच्या दारावर ‘स्टुडिओ’ अशी सोनेरी पाटी होती आणि आत भिंतीभर लोकांची लग्नं काचेखाली चपटी होऊन लटकली होती. फ्रेमचे तीन प्रकार होते. सगळ्यात मोठीला ‘महाराजा’ म्हणत. आमचे पूर्वज संस्थानी फौजेत होते असं घरात सतत सांगितलं जातं, त्यामुळे त्या शब्दाला मी जरा कंटाळलेलो आहे.

मी गेलो होतो ताईबरोबर. तिच्या मांडीवर स्टीलचा डबा होता आणि डब्यात भाचीच्या लग्नातला हार. भाचीनं लग्न कचेरीत सह्या करून केलं. ना घोडा, ना बँड. मला ते फार आवडलं. थाट म्हणून काय होता, तर दोन हार. त्यातला तिचा हार जिजाजींनी केला होता. (मेहुण्यांना जिजाजी म्हणणं ही आमच्या मराठीला इंदूरची देणगी.) गणपतीचा हार वर्षानुवर्षं तेच ओवत आले, पण अलीकडे त्यांचे हात कापतात. सुईत दोरा जाईना, तेव्हा त्यांनी सुई बाजूला ठेवली आणि शेवंतीच्या देठांना दोऱ्याच्या गाठी मारत अख्खा हार गुंफला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसले होते. कुणाला हात लावू दिला नाही.

स्टुडिओवाल्या बाई नाशिकहून नोकरीसाठी आलेल्या. नोकरी सोडून त्यांनी हे सुरू केलं होतं. मी त्यांना बरेच प्रश्न विचारले. पांढरी फुलं पांढरी राहतात का? नाही, तपकिरी पडतात. मग भिंतीवरचा तो मोगरा? त्यावर हलका रंग दिलाय. गुलाब अख्खा दाबतात का? नाही, पाकळी पाकळी सुटी करून टीपकागदात ठेवायची, वर फळी, फळीला स्क्रू, कागद रोज बदलायचा, मग पुन्हा फूल जुळवायचं. म्हणजे काचेमागे दिसतो तो गुलाब नव्हे, गुलाबाची पुनर्रचना. हे कळल्यावर माझी उत्सुकता वाढली आणि महाराजाबद्दलचा आदर होता तेवढाही गेला.

मग ताईनं डबा उघडला. आत ओलं फडकं, फडक्यात हार. स्टुडिओ दोन दिवस बंद होता, म्हणून तिनं तो आपल्या घरच्या रीतीनं फ्रिजमध्ये ठेवला होता. वेणी असो की देवाची फुलं, आमच्याकडे ती ओल्या फडक्यातच राहतात. दुसरी पद्धत असू शकते हे तिच्या डोक्यातही आलं नसणार. माझ्याही आलं नसतं.

शेवंती काळपट पडली होती. देठांपाशी बुरशीचा पांढरा कापूस धरला होता.

“ओलं का केलंत, काकू?” बाईंनी विचारलं. “दाबायच्या फुलांना पाण्याचा थेंब चालत नाही.”

“मग कशात ठेवायची? फुलं आहेत ती,” ताई म्हणाली.

बाईंनी धीर दिला. मंडईतून अशीच शेवंती आणू, दाबू, हाराच्या आकारात लावू. पुष्कळ जण तसं करतात, कुणाला फरक कळत नाही.

“यांना कळेल,” ताई म्हणाली. “आणि यांच्याकडून आता दुसरा हार होईल का, सांगता येत नाही.”

मग बाईंनी चिमट्यानं फुलं सोडवायला घेतली, बऱ्या पाकळ्या एका बाजूला, बाकीचं टोपलीत. दोराही टोपलीत जाणार, तोच ताईनं त्यांचा हात धरला. दोरा पांढरा राहिला नव्हता. फुलं जिथे होती तिथे पिवळसर, देठांच्या जागी विटकरी झाला होता, आणि गाठी तशाच होत्या, काही टपोऱ्या, काही वाकड्या.

दोरा कधी फ्रेम केला नाही, बाई म्हणाल्या. तो काचेला चिकटेल का, फुगेल का, त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण आता त्याच जास्त उत्सुक दिसत होत्या. दोरा आधी सावलीत वाळवून पाहते, म्हणाल्या.

फ्रेम आली ती सगळ्यात लहान, बिननावाची. वाचलेल्या पाकळ्या तळाशी आणि वर हाराच्या आकारात नुसता दोरा. ताईनं ती जिजाजींसमोर धरली आणि फुलांचं काय झालं ते एका दमात सांगून टाकलं. ते चष्मा लावून बघत बसले.

“ही गाठ तुझी आहे,” शेवटी म्हणाले.

“तुमचीच आहे.”

“इतकी घट्ट माझ्याच्यानं आता बसत नाही.”

ताई माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीबाहेर पाहिलं.

“तुम्ही चहाला उठला होता तेव्हा,” ती म्हणाली. “भर कचेरीत सुटला असता म्हणजे? एकच मारली हो.”

“एकच?”

ती स्वयंपाकघरात गेली. जिजाजींनी काचेवर बोट ठेवलं आणि पुढच्या गाठीकडे सरकले.