सात आधी

आज भिवापुरी मिरच्यांचे देठ खुडायला बसले आणि ठसक्यासोबत वीस वर्षांपूर्वीची ती दुपार घशाशी आली. आठ वर्षांची माझी लेक पाटी घेऊन समोर बसली होती. मी म्हटलं, "सत्तावीस लिही." तिनं ७२ लिहिलं. पुसून पुन्हा ७२. तिसऱ्यांदा मी ओरडलेच, "काहून अशी करून राहिली वं? डोकं नाही का तुले?"

"आई, तूच तर सात आधी म्हणते."

उलट बोलते म्हणून मी पाटी आपटली. ती रडायला लागली, तशी घाईघाईनं तिचे डोळे पुसले, मिरचीच्याच हातांनी.

आता हात तीनदा धुतले, तरी चैन पडत नाही. पुन्हा पुन्हा सत्तावीस म्हणून बघते. सात खरंच आधी येतो.