बाइंडरकाकांचं स्टेटस

बाइंडरकाकांच्या डाव्या हाताला बोटं साडेचार. अंगठ्याशेजारचं बोट मधल्या पेरापाशीच संपायचं, आणि काकांनी ते कधी लपवलं नाही. उलट नवं गिऱ्हाईक हाताकडे बघून नजर चोरायला लागलं की काकाच विषय काढायचे. "छापखान्यात कटिंग मशीनवर होतो. लेक डबा घेऊन आली, दारातून हाक मारली, बाबा. मी मान वळवली आणि पातं खाली. गेलं." मग थोडं थांबून, "एकच लेक म्हणून एकच बोट. दोन असत्या तर बोंब होती." गिऱ्हाईक सुटल्यासारखं हसायचं. बावीस वर्षं ही गोष्ट याच चालीवर चालली होती. लेक घरात असेपर्यंत पाहुण्यांसमोर ती निघाली की लेक पाणी आणायला उठायची. आपली पोर किती पाहुणचार करते याचं काकांना कौतुक वाटायचं. माणूस एवढा शहाणा असूनही कधीकधी अगदीच ठोंब्या असतो.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यानंतर महिनाभराने लेक म्हणाली, बाबा, दुकान बंद करा आणि माझ्याकडे चला. ती राहायची सात तासांच्या अंतरावर, दोन खोल्यांत, एकटी. काका नाही म्हणाले. ती पुन्हा म्हणाली. शब्दाने शब्द वाढला. दोघांनाही काकूंचं दुःख होतं आणि ते बाहेर काढायला दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. शेवटी काका बोलून गेले, "तुझ्या एका हाकेपायी बोट गेलं माझं. आता उरलेला हातही काढून घे." तिने बॅग भरली, आईची शाल घडी करून कपाटात ठेवली आणि निघून गेली. तेव्हापासून फोन नाही, पत्र नाही. काकांनी दोनदा लावला, तिने उचलला नाही. तिसऱ्यांदा लावायची त्यांना हिंमत झाली नाही.

काकांचं दुकान म्हणजे गल्लीच्या टोकाची एक लांबट खोली. दारातून शिरलं की डिंकाचा आणि जुन्या कागदाचा वास. टेबलावर शिवणीची लाकडी चौकट, दाभण, मेण लावलेला दोरा, कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस. कचेऱ्यांची रजिस्टरं कॉम्प्युटरात गेली, विद्यार्थ्यांचे प्रबंध प्लास्टिकच्या सर्पिलात गेले, आणि काकांच्या वाट्याला उरले फाटके शब्दकोश आणि हौशी लोकांसाठी हाताने शिवलेल्या वह्या. शेजारी झेरॉक्सबाई. नवऱ्यामागे दुकान तिने एकटीने सांभाळलं होतं आणि तोंडाची टकळी बंद ठेवणं तिला माहीत नव्हतं. तिनेच काकांना या भानगडीत पाडलं.

"काका, वह्या करून कपाटात ठेवता. त्या काय अंडी घालणार आहेत तिथे?" ती म्हणाली. "रील करा. आजकाल शूटिंगसुद्धा करावं लागत नाही. फोटो द्यायचा, काय पाहिजे ते लिहायचं, एआय व्हिडिओ बनवून देतं. माझ्या दुकानाची रील बघा, झेरॉक्स मशीनमधून फुलपाखरं निघतात."

तिने काकांचा फोटो काढला, अॅपमध्ये टाकला आणि लिहिलं, म्हातारा बांधणीकार पुस्तक शिवतोय. दोन मिनिटांत आठ सेकंदांचा व्हिडिओ आला. वीतभर उंच आणि चार बोटं रुंद, म्हणजे एकटं माणूस उभं राहील एवढीच जागा. त्यात काका होते आणि नव्हते. केस विंचरलेले, भिंतीचे पोपडे गायब, दुकानाला कधीच नसलेल्या खिडकीतून ऊन आलेलं. आणि दोरा ओढणाऱ्या डाव्या हाताला पाच बोटं, पुरी.

"लोकांच्या व्हिडिओत सहा बोटं येतात," झेरॉक्सबाई म्हणाली, "तुमची बरोबर पाच आली. नशीब काढलंत."

काकांनी तिला बोट अर्धं करायला सांगितलं. तिने लिहून पाहिलं, तीनदा. एकदा बोट मुडपलेलं आलं, एकदा त्यावर पट्टी आली, तिसऱ्यांदा हातच टेबलाखाली गेला. "याला अर्धं बोट कळतच नाही," ती वैतागून म्हणाली. काकांनी मग आहे तोच व्हिडिओ स्टेटसला ठेवला. वही त्यातून एकही विकली गेली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना, स्टेटस कुणी कुणी पाहिलं ती यादी झेरॉक्सबाईने कशी उघडायची ते दाखवलं. कागदवाला, छापखान्यातला जुना फोरमन, झेरॉक्सबाई स्वतः. आणि सगळ्यात वर 'लेक'. सहा वाजून पंचेचाळीस मिनिटं.

काकांनी चहा बशीत ओतला आणि तो तसाच गार झाला. तिने नंबर काढून टाकला नव्हता. तीन वर्षांत तिच्याकडून आलेली ही पहिली खूण.

त्या दिवसापासून काकांचा धंदा बदलला. रोज एक व्हिडिओ. वह्यांचं निमित्त होतं, बघणारं माणूस एकच होतं. अॅप ते स्वतः चालवायला शिकले, एका बोटाने एकेक अक्षर शोधत. लेकीला मांजरं आवडायची म्हणून कागदाच्या रिळांवर झोपलेलं मांजर केलं. तिला लहानपणी रंगीत कडेचा कागद हवा असायचा म्हणून वाऱ्यावर उडणारे तसले कागद केले. यादीत रोज पावणेसातला तिचं नाव यायचं. काकांनी ताडलं की ती तेव्हा बसमध्ये असणार, कामावर निघालेली. सुट्टीच्या दिवशी नाव नऊनंतर यायचं, म्हणजे झोप काढते, बरं झालं. एका बुधवारी ते दुपारी तीनला आलं आणि काका दिवसभर कासावीस. ताप तर नसेल? घरी कुणी आहे का पाणी द्यायला? दुसऱ्या दिवशी पुन्हा पावणेसात दिसलं तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. असा त्यांचा संसार चालला होता, एका नावावर आणि त्यापुढच्या वेळेवर. तिचा आवाज ऐकावासा वाटायचा. नुसतं "बाबा" एवढं जरी म्हणाली असती तरी पुरलं असतं.

पाचेक महिने असे गेल्यावर काकांना एक कल्पना सुचली. त्यांना वाटलं, एआय बोट परत देतंच आहे, तर तेच पोरीला दाखवावं. म्हणजे तिला कळेल की बोट गेलं ते गेलं, आता माझ्या मनात काही नाही. तीन दिवस खपून त्यांनी व्हिडिओ केला. छापखान्याचं दार, दारात नऊ वर्षांची मुलगी, हातात डबा. ती हाक मारते. मशीनजवळचा बाप वळतो, हसतो आणि दोन्ही हात पसरतो, दहाच्या दहा बोटं. मुलीला त्यांनी दोन वेण्या घालायला लावल्या होत्या. ते बघताना काकांचेच डोळे भरून आले.

पावणेसातला 'लेक' आली. बघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काकांनी फोन बंद करून चालू केला. मांजराचा नवा व्हिडिओ टाकला, कागदांचा टाकला. आठवडा गेला. यादीत कागदवाला, फोरमन, झेरॉक्सबाई, सगळे हजर, वरची जागा रिकामी.

शेवटी ते शेजारी गेले. "माझा फोन बिघडलाय का बघ जरा."

झेरॉक्सबाईने फोन पाहिला, मग तो व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. "फोन ठणठणीत आहे," ती म्हणाली. "काका, एक विचारू? राग मानू नका."

"विचार."

"माझा नवरा पण कटिंगवरच होता, तुम्हाला माहीतच आहे. तो सांगायचा, पातं खाली आणायला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची. एक जरी सुटलं तरी पातं थांबतं. मग पोरीने हाक मारली काय आणि बँड वाजला काय, तुमचा हात पात्याखाली गेला कसा?"

बावीस वर्षांत शेकडो लोकांनी ती गोष्ट ऐकली होती. सगळे हसले होते, हळहळले होते. हे कुणीच विचारलं नव्हतं. बाहेर कुणीतरी ओळखपत्राच्या पाच प्रती मागत होतं. झेरॉक्सबाईने त्याला थांबायला सांगितलं. तिने काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि प्रथमच गप्प बसली.

"स्टेटसला बोलायचंय मला," काका म्हणाले. "खरं."

"लिहून द्या. तुमच्याच आवाजात, न अडखळता बोलेल असं करून देते. चेहरा पण—"

"नको. मीच बोलतो."

दुकानात येऊन त्यांनी दार लोटलं. फोन डिंकाच्या डब्याला टेकवून उभा केला. तिला एकटीलाच पाठवावं असं क्षणभर मनात आलं. पण खोटं चारचौघांत सांगितलं होतं, खरं कोपऱ्यात सांगून भागणार नव्हतं. त्यांनी डावा हात फोनसमोर धरला, आहे तसा, आणि बोलायला लागले. आवाज घोगरा येत होता.

"हा माझा हात आहे. एआयचा नाही. मी सगळ्यांना सांगत आलो की लेकीने हाक मारली म्हणून बोट गेलं. ते खोटं आहे. मशीनला दोन बटणं असतात. काम भरभर उरकावं म्हणून डाव्या बटणात मी पुठ्ठ्याची घडी खुपसून ठेवायचो, म्हणजे ते दाबलेलंच राहायचं. मग उजव्या हाताने बटण आणि डाव्याने कागद. आम्ही सगळेच करायचो. त्या दिवशीही पुठ्ठा होता. ती दारात आली तेव्हा बोट आधीच तुटलेलं होतं. तिने हाक मारली ती रक्त बघून. मला माझी लाज वाटत होती, म्हणून मी दोष तिच्या नावावर घातला. ती नऊ वर्षांची होती. नंतर मला ती गोष्ट सांगायची सवयच लागली आणि मी त्यावर हसवायला लागलो. तिच्यासमोर. पोरी, तुझी काही चूक नव्हती."

एक मिनिटही झालं नव्हतं. त्यांनी परत पाहिलं नाही, पाहिलं असतं तर टाकलं नसतं. सकाळचे आठ वाजले होते. स्टेटस चोवीस तास राहतं. तेवढ्यात तिने बघितलं तर बघितलं.

दुपारपर्यंत कागदवाला येऊन गेला, काकांचा खांदा थोपटून, कागदाचं बंडल ठेवून. जुन्या फोरमनने फोन केला आणि म्हणाला, "पुठ्ठा मीच शिकवला होता रे सगळ्यांना." एका अनोळखी पोराने विचारलं, काका, हा कुठल्या अॅपवर केला, अगदी खरा वाटतो. संध्याकाळी यादीत चाळीस नावं होती. लेकीचं नव्हतं. काकांनी एक शब्दकोश शिवायला घेतला आणि दोनदा उसवला.

सकाळी पावणेसात झाले. नाव नाही. सात. साडेसात. काका दुकानाच्या पायरीवर फोन गुडघ्यावर ठेवून बसले होते. झेरॉक्सबाई शटर उघडायला आली, त्यांना बघून शटर अर्धंच वर करून तशीच उभी राहिली. आठला वीस मिनिटं कमी असताना यादी हलली. 'लेक'. आत्ताच.

मग काहीच नाही. मिनिट, दोन मिनिटं. तिने बघितलं, हेच खूप झालं, असं काका स्वतःला बजावत होते. आणि निरोप आला.

"पुठ्ठा मीच काढला होता. तुम्ही खाली बसला होतात, डोळे मिटलेले. लोक धावत यायच्या आत तो बटणातून ओढून दप्तरात टाकला. तुम्हाला कुणी बोलू नये म्हणून. घरी गेल्यावर जाळला. आईलाही सांगितलं नाही."

काकांनी ते तीनदा वाचलं. पुठ्ठा गडबडीत कुठेतरी पडला असेल आणि आपण वाचलो, असं ते इतकी वर्षं समजत होते. दोन वेण्यांची पोर रक्ताने भरलेल्या मशीनमध्ये हात घालून बापाची अब्रू वाचवून गेली होती, आणि पाहुण्यांसमोर प्रत्येक वेळी पाणी आणायला उठत होती. त्यांना रडू आवरेना. शेजारी कोण उभं आहे याची त्यांनी पर्वा केली नाही.

त्यांनी फोन लावला. दोनदा वाजला आणि उचलला गेला. बसचा आवाज येत होता, कुणीतरी थांब्याचं नाव पुकारत होतं. ती वाट बघत राहिली.

"बोला, बाबा," ती म्हणाली. "मी उतरलेय बसमधून. ऐकतेय."