अळ्या पाळणारा समाधान

आमच्या मखमलाबादेत अळी दिसली की माणसाचा हात आपोआप फवारणीच्या पंपाकडे जातो. टोमॅटो असो, कोबी असो की झेंडू, अळी म्हणजे वैरीण. अशा गावात माझा चुलतभाऊ समाधान अळ्या पाळायचा. बरणीत ठेवायच्या, रोज ताजा पाला घालायचा आणि त्या कशा वाढतात ते बघत बसायचं, हा त्याचा नाद.

हे सुरू झालं चौऱ्याण्णव सालात. तो नुकताच बारावी होऊन शेतीत आला होता. घरामागच्या कढीपत्त्याच्या झाडावरून काकूसाठी पानं तोडताना त्याला एका पानावर पाखराची विष्ठा दिसली. पान टाकून देणार, तेवढ्यात ती विष्ठा हलली. दुसरा कोणी असता तर पान झटकून मोकळा झाला असता. समाधान ते पान घरात घेऊन आला आणि कॉफीच्या रिकाम्या बाटलीत ठेवलं. काही दिवसांत ती घाणेरडी दिसणारी अळी कात टाकून हिरवीगार झाली. मग एका सकाळी तिनं काडीला स्वतःला बांधून घेतलं. कमरेला एक बारीक धागा, आणि अंग मागं रेललेलं. "यादवदादा, हे बघ," त्यानं मला हाक मारली, "खांबावरचा वायरमन पट्टा बांधून रेलतो ना, तशी दिसते का नाय?" दिसत होती खरी. पुढे त्या कोषातून काळं, पांढऱ्या ठिपक्यांच्या पट्ट्याचं फुलपाखरू निघालं तेव्हा मी तिथे नव्हतो. पण त्या दिवशी तो शेतात आला तो आपला हसतच होता.

त्यानंतर घरातल्या लोणच्याच्या बरण्या कमी व्हायला लागल्या. बरणीच्या तोंडाला जुन्या साडीचा तुकडा, आत फांदी, आणि फांदीवर कोणी ना कोणी राहायला आलेलं. रुईवरच्या पट्टेरी अळ्या, तगरीवरच्या निळ्या डोळ्यांसारखे ठिपके असलेल्या जाडजूड, लिंबावरच्या हिरव्या. पडवीत फळी ठोकून त्यानं त्यांची सोय केली.

गावात हे लपत नसतं. पारावर बसलेली पोरं विचारायची, "काय समाधान, लेकरं बरी हायेत ना? दूध पितात का?" कोणी त्याला बाळंतीण म्हणे. त्याच्या मागे कोणी म्हणे, पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय, कोणी म्हणे बाहेरचं आहे. लताबाई, म्हणजे माझी काकू, एकदा रडवेली होऊन म्हणाली, "अरे, पत्ते खेळ, क्रिकेट खेळ, टीव्हीसमोर लोळ. मी काय म्हणते का? गावातली पोरं करतात तसलं काहीतरी कर."

"आई, मी कोणाला तरास देतो का?"

"लोक हसतात रे."

लोक हसत होतेच.

आता एक सांगायला हवं. शेतात तो कुणाच्या मागे नव्हता. टोमॅटोवर अळी पडली की पाठीला पंप लावणारा पहिला तोच. काका, मोतीराम, त्याला चिडवायचे, "घरात पाळतोस अन् वावरात मारतोस, हा कुठला न्याय?" तो शांतपणे म्हणायचा, "पिकावरची आपली भाकरी खाते, आबा. कढीपत्त्यावरची काय खाते आपलं?"

खरा घोळ झाला तो लग्नाच्या वेळी. दिंडोरीकडचं एक स्थळ जवळपास ठरलं होतं. सुपारी फुटायच्या आधी त्यांच्याकडच्या कोणीतरी गावात चौकशी केली, आणि पारावरच्या एकानं सांगून टाकलं, "पोरगा चांगला हाय, फक्त अळ्या पाळतो." पुन्हा त्या मंडळींचा निरोप आला नाही.

दुसऱ्या दिवशी समाधान पंचवटीच्या बाजारात भाजी घेऊन गेला होता. तो परत आला तेव्हा मी त्याच्यासोबत भाजीच्या रिकाम्या जाळ्या उतरवत होतो. घरामागून औषधाचा उग्र वास येत होता. काकांनी कढीपत्त्यावर, लिंबावर, कुंपणाच्या कण्हेरीवर, सगळीकडे पंप मारला होता. झाडाखाली अळ्या पडल्या होत्या, काही अजून वळवळत होत्या. काका ओट्यावर बसून होते. भांडण होणार या तयारीनंच बसले होते.

समाधान झाडाजवळ गेला. उकिडवा बसला. मग त्यानं खराटा घेऊन सगळं झाडून काढलं, खड्डा करून पुरलं, हात धुतले आणि काकांसमोर येऊन म्हणाला, "आबा, आता पंधरा दिवस या झाडाचा कढीपत्ता आमटीत टाकू नका. आईला सांगा."

एवढंच. त्या रात्री दोघंही जेवले नाहीत, असं काकूनं मला नंतर सांगितलं. पण झाडांवर पंप पुन्हा कधी फिरला नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात फळीवरच्या बरण्या परत भरल्या.

अठ्ठ्याण्णव साली घोटीचं स्थळ आलं. मुलीचं नाव रूपाली, वडील तिथल्या तांदळाच्या गिरणीत मुकादम. निघायच्या आधी काकूनं समाधानला देवासमोर उभं केलं. "तिथं एक अक्षर काढायचं नाय. लग्न झाल्यावर काय ते बघू." समाधान नुसता उभा राहिला. हो म्हणाला नाही, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं होतं.

घोटीला पोहे झाले, चहा झाला. मुलगी समोर बसली. उंच, सावळी, नजर खाली पण चेहरा घाबरलेला नाही. तिच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, "मुलाला काही व्यसन?"

"सुपारीचंसुद्धा नाय," काका अभिमानानं म्हणाले.

"व्यसन नाय," समाधान म्हणाला, "पण एक गोष्ट हाय. ती आत्ताच सांगितलेली बरी. मी अळ्या पाळतो."

काकूनं पदर तोंडाला लावला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो.

मुलीच्या मामांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "रेशमाच्या का? जोडधंदा म्हणून?"

"नाय. साध्याच. झाडावरच्या."

"मग विकता कुणाला?"

"विकत नाय. बघतो."

"बघून काय होतं?"

समाधाननं जरा विचार केला. "काय नाय होत, मामा. चांगलं वाटतं. अळीचं फुलपाखरू होताना बघायला मला आवडतं."

मामा हसले. त्यांच्यामागे दारात उभ्या असलेल्या बायकाही हसल्या. समाधानचे कान लाल झाले, पण तो मान खाली घालून बसला नाही. तेवढ्यात रूपालीनं पहिल्यांदा वर बघितलं.

"चावतात का?"

"नाय. केसाळ असली तर खाज सुटते. तसली मी घरात आणत नाय."

"मला लय भीती वाटते अळ्यांची."

"मग दुसऱ्या खोलीत ठेवीन," समाधान म्हणाला.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये काकू अधूनमधून डोळे पुसत होती. हेही स्थळ गेलं असं आम्ही सगळे धरून चाललो. समाधाननं मात्र विल्होळी आल्यावर मला हळूच विचारलं, "दादा, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत उजेड पुरंल का रे बरण्यांना?"

आठवड्याभरात होकार आला. का आला, ते रूपालीनं लग्नानंतर माझ्या बायकोला सांगितलं. "माझ्या थोरल्या बहिणीला नवरा पितो हे लग्नानंतर कळलं. ह्यांनी तर अळ्यासुद्धा आधी सांगितल्या."

तर बरण्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत गेल्या. रूपालीची भीती काही गेली नाही. आजही ती अळीला हात लावत नाही. पण समाधान बाजाराला गेला आणि पाला संपला असला, तर ती चिमट्यानं ताजी फांदी बरणीत सोडते आणि तोंड फिरवून फडकं बांधते. मी एकदा ते बघितलं, तेव्हा मला म्हणाली, "भाऊजी, उपाशी कशाला ठेवायचं कुणाला?"

तरी बाजारात तो हे बोलत नसे. गावात सगळ्यांना माहीत असणं वेगळं आणि गिऱ्हाइकासमोर उघड करणं वेगळं. भाजीवाल्याच्या दुकानात अळी म्हणजे काय, हे त्यालाही कळत होतं. पण दोन हजार तीनच्या दसऱ्याला ते उघड झालं.

कुंपणाच्या कण्हेरीवर एक अळी होते, तिचा कोष चांदीचा मुलामा दिल्यासारखा चकाकतो. कानातला डूलच वाटावा. असा एक कोष काळा पडायला लागला होता, म्हणजे आज फुलपाखरू निघणार. झेंडूची विक्री सोडून घरी थांबणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं फांदी बाटलीत घालून पंचवटीला आणली आणि ओट्याखाली, पोत्याच्या आडोशाला ठेवली. काका तागडीवर, मी फुलं भरायला, समाधान मधूनमधून खाली वाकून बघतोय. गिऱ्हाईक अंगावर आलेलं. दसऱ्याच्या सकाळी फुलबाजारात उभं राहायला जागा नसते.

आणि समाधान एकदम खाली बसला तो उठेचना.

"अहो, किलोभर द्या ना पटकन," एक बाई ओरडली. "काय करतोय तो खाली?"

मी काहीतरी सारवासारव करणार, तोच समाधाननं बाटली उचलली आणि झेंडूच्या ढिगाशेजारी, सगळ्यांच्या समोर ठेवली. "ताई, जरासं थांबा. मी अळ्या पाळतो. त्यातली ही आत्ता बाहेर येतेय."

मागून कोणीतरी हसलं. शेजारच्या ओट्यावरची भागीबाई म्हणाली, "अगं बाई, दसऱ्याला काय रे हे!" पण तिनंच आधी मान पुढे केली. कोष फाटला होता. आतून ओलं, चुरगळलेलं काहीतरी पायांनी काडी धरून बाहेर ओढलं जात होतं. ते उलटं लटकलं. पंख आधी सुकलेल्या पाकळ्यांएवढे, मग हळूहळू, आपल्या डोळ्यांदेखत, खाली उतरत गेले. तपकिरी, कडेला पांढरे ठिपके. गर्दी पुढे सरकली. कोणीतरी आपल्या पोरीला उचलून धरलं. मघाची ओरडणारी बाई पिशवी छातीशी धरून उभी होती.

पलीकडून एक जण आला, त्याला यातलं काही दिसत नव्हतं. त्यानं काकांपुढे नोट धरली आणि घाई करायला लागला. काकांनी तागडी खाली ठेवली.

"थांबा हो जरा," ते म्हणाले. "आमच्या पोराचं चालू हाय."

मी काकांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते बाटलीकडे बघत होते.

त्यानंतर समाधाननं बाटली ओट्याखाली ठेवली नाही. हंगामात त्याच्या भाजीशेजारी एखादी फांदी असायचीच. काही गिऱ्हाइकं नाक मुरडून दुसरीकडे गेली, हेही खरं. त्यानं त्याचं मनाला लावून घेतलं नाही. उलट काही माणसं त्यापायीच यायला लागली. कोणी काड्यापेटीत अळी घेऊन यायचं, "ही कशाची हो?" पुष्कळदा त्याला माहीत नसायचं. "ठाऊक नाय. वाढवून बघू," म्हणायचा. भागीबाई तिच्या दारातल्या तगरीवरच्या अळ्या मारायची थांबली. तिचं झाड दरवर्षी अर्धं बोडकं होतं, आणि ती त्याबद्दल समाधानला दरवर्षी शिव्या घालते.

जुन्या नाशकातले निसारभाई टेलर असेच आले. भाजी घेतली, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "भाई, मलाही एक शौक आहे. कोणाला सांगत नाही." खडीच्या खाणींतून फोडलेल्या दगडांच्या पोटात स्फटिक असतात, ते त्यांनी वीस वर्षांपासून जमवले होते. मशीनखालच्या ट्रंकेत. घरच्यांना वाटायचं कापडाचे तुकडे आहेत.

समाधान म्हणाला, "दुकानात मांडा की."

"लोग हसेंगे."

"हसतात. पहिल्यांदा लय लागतं. मग ते हसतात अन् आपण आपलं करतो."

निसारभाईंच्या दुकानात आता काचेचं कपाट आहे. पॅन्टचं माप द्यायला गेलेला माणूस आधी त्या कपाटापाशी अडकतो.

दोन हजार आठच्या डिसेंबरात समाधान मला सुरगाण्याला घेऊन गेला. तिकडच्या डोंगरात ऐनाच्या झाडावर मोठ्या पतंगाचे कोष सापडतात असं त्यानं ऐकलं होतं. भरलेल्या जीपमध्ये आम्ही कसेबसे टेकलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं, बुधा त्याचं नाव, विचारलं, "काय कामानं चाललात?"

पूर्वीचा समाधान असता तर बाजाराला म्हणाला असता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अळीचा कोष शोधायला."

जीप हसली. ड्रायव्हर तर स्टिअरिंगवर हात आपटून हसला. एकानं विचारलं, "सापडल्यावर काय करणार?" समाधान त्यालाही सगळं समजावून सांगत बसला. कोष केवढा असतो, कोंबडीच्या अंड्यासारखा कसा लटकतो, आतल्या किड्याला बाहेर यायला वाट कशी करावी लागते. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. एका वळणावर बुधा म्हणाला, "त्या पुढच्या ऐनावर मी असलं कायतरी पाहिलंय." आणि ड्रायव्हरनं चक्क जीप थांबवली.

बाया, माणसं, कोंबड्यांची टोपली घेतलेला एक जण, सगळे खाली उतरले आणि माना वर करून झाडाकडे बघायला लागले. कोष सापडला. राखाडी, टणक, देठाला घट्ट बांधलेला. समाधाननं फांदी वाकवून तो कानाशी हलवून बघितला. आतून काही आवाज आला नाही. वरच्या टोकाला भोक होतं.

"रिकामा हाय," बुधा हळहळला.

"म्हणजे उडून गेला," समाधान म्हणाला, आणि इतका खूश झाला की ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तरी तो जागचा हलेना.