अडकून पडलेली कमेंट

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चेष्टा करणारा पहिला मीच असायचो. आता कान देऊन ऐकतो.

मी वाशीत राहतो, माझ्या छोट्या दुकानात बसून व्यापाऱ्यांच्या वेबसाइट बनवतो. माझे चुलते, तात्या, येडशी स्टेशनवर नोकरीला होते. रिटायर झाल्यावर त्यांच्या आठवणी ऐकून घरचे कंटाळले, म्हणून मी त्यांना 'तात्या' याच नावानं ब्लॉग काढून दिला. ओपन-सोर्स सॉफ्टवेअर, फुकटात काम. तात्यांकडं बटणांचा फोन. ते फोनवर सांगायचे, मी टाइप करायचो. शेवटी ठरलेला प्रश्न, "कुणी काही लिवलं का रं खाली?"

"न्हाय, तात्या."

खरं तर मी बघतच नव्हतो. फालतू जाहिरातींचा वैताग नको म्हणून माझ्या परवानगीशिवाय एकही कमेंट दिसणार नाही, अशी सेटिंग मीच करून ठेवली होती... आणि विसरलो होतो.

एकदा सिग्नलच्या दिव्यांबद्दल सांगता सांगता तात्या मधेच म्हणाले, "लिही. चहावाला डावरा होता, डाव्या हातानं चहा ओतायचा. तान्ही लेक गाड्याखालच्या खोक्यात निजवायचा. रेल्वे आली की हातातलं टाकून आधी तिचं कान झाकायचा."

मी टाइप केलं आणि विचारलं, "तात्या, हे मधेच कुठं?"

"राहू दे की. कुणीतरी लई दिसापासून इचारतंय."

"कोण?"

"ते म्या काय सांगू?"

वय झालं, दुसरं काय — असं म्हणून मी ती वाक्यं उडवली आणि पोस्ट टाकली. तात्यांना सांगितलंसुद्धा नाही. पुढं थोड्याच दिवसांत ते गेले.

ब्लॉग बंद करायला बसलो तेव्हा अडकलेल्या कमेंट पहिल्यांदा उघडल्या. जाहिरातींच्या ढिगात एका बाईंची होती, त्या पोस्टच्या कितीतरी आधीची. "माझे वडील येडशी स्टेशनवर चहा विकायचे. मी तान्ही असताना गेले. घरात फोटोसुद्धा नाही. त्यांच्याबद्दल काही आठवतं का तुम्हाला?"

ती कमेंट माझ्याशिवाय कुणाला दिसणं शक्य नव्हतं, आणि मी ती उघडलीच नव्हती. योगायोग म्हणा... पण मग 'कुणीतरी इचारतंय'चं काय करू? लाज मात्र रोज वाटते. तात्या वाट बघत गेले, आणि माझं काम एका क्लिकचं होतं.

नशीब, सॉफ्टवेअर जुने मसुदे जपून ठेवतं. उडवलेली वाक्यं परत आणली, बाईंना मेलवर कळवली. तात्या गेल्याचं लिहायचं धाडस झालं नाही.

त्यांचं उत्तर पोस्टखाली कमेंटमध्येच आलं, "गाडीची शिट्टी झाली की आजही माझे हात कानांवर जातात. सगळे हसतात. तात्यांना माझा नमस्कार सांगा."

अप्रूव्हचं बटण दाबलं आणि रिकाम्या दुकानात मोठ्यानं म्हणालो, "व्हय, तात्या. लिवलंय."