पारवा, कुत्रा की टाच?

बारशात नाव ठेवण्याचा मान आत्याचा, असं म्हणतात. म्हणजे नाव आईबाप मोबाइलमधून शोधतात. आत्यानं ते फक्त बाळाच्या कानात सांगायचं आणि पाठीवर बायकांचे गुद्दे खायचे.

माझ्या धाकट्या भावाला असं नाव हवं होतं, जे आमच्या अख्ख्या सक्करदऱ्यात कोणाचं नसेल. शोधता शोधता स्वारी थेट हिब्रूत पोचली. मी मिशनच्या शाळेत शिकवते, त्यामुळे बायबलमधली मंडळी माझ्या चांगल्या ओळखीची. त्यानं मोठ्या ऐटीत ‘योना’ सुचवलं. म्हटलं, छान, म्हणजे पारवा. आपल्या गच्चीवर कमी आहेत का? ‘कालेब’चा अर्थ पुष्कळ जण कुत्रा असा लावतात. ‘याकोब’ म्हणजे टाच धरणारा. जन्मताना त्यानं जुळ्या भावाची टाच धरली होती म्हणे.

“अर्थ कोण पाहून राहिलं, ताई?” भाऊ वैतागला. “नाव हटके पाहिजे.”

आईचं वेगळंच. “धोंड्या ठेवा. दगडाले नजर लागत नाही.”

यावर मात्र कोणी हसलं नाही. वहिनीचं पहिलं बाळ आठवड्याच्या आत गेलं होतं. त्याचं नाव तिनं पोटात असतानाच ठेवलं होतं. हे दुसरं सातव्या महिन्यात झालं, काचेच्या पेटीत राहून घरी आलं. त्याला तिनं अजून कशानंच हाक मारली नव्हती. सोन्या नाही, पिल्लू नाही. मला ते बघवत नसे.

भावानं पुढचं नाव वाचलं, ‘बेंजामिन’. मी सवयीनं शिकवायला लागले. बाळंतपणात मरता मरता त्याच्या आईनं त्याचं नाव ‘बेनओनी’ ठेवलं, म्हणजे माझ्या दुःखाचा मुलगा. बापानं ते बदलून बेंजामिन केलं, उजव्या हाताचा मुलगा. बोलून गेले आणि जीभ चावली. बाळंतिणीसमोर काय बोलू नये, हे बीएडला शिकवत नाहीत.

वहिनीनं मान वर केली. “मंग तो जगला काय, ताई?”

“जगला ना. दहा पोरं झाली त्याले.”

“तेच ठेवा.”

बारशाला मी कुर्र केलं, नाव सांगितलं. सगळ्या बायकांच्या देखत वहिनीनं बाळ उचललं आणि त्याला हाक मारली. आधी ओठांतल्या ओठांत, मग मोठ्यानं.

“हळू वं, नजर लागन,” आई म्हणाली.

वहिनी हाका मारतच राहिली.