मसाई पाहुणीबरोबर यात्सुगाताकेच्या पायथ्याशी

निशी-कसाईच्या स्टेशनवर सकाळी साडेसहाला पोचले तेव्हा हातात दशम्यांचा डबा होता. दिवसभर मला दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं बोलायचं होतं. स्वतःचं बोलायलाही मी फारशी उत्सुक नसते. टोकियोतल्या ऑफिसात तीन वर्षं झाली, पण मीटिंगमध्ये मी आपणहून तोंड उघडलेलं कुणाला आठवणार नाही.

हे काम मोरी-सानमुळे गळ्यात पडलं. मोरी-सान आमच्या प्रशासन विभागात आहेत, साठीला टेकल्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी एका छोट्या नागरिक मंडळाचं काम करतात. मंडळाने पूर्व आफ्रिकेतून नासेरियान नावाच्या एका मसाई आमदार बाईंना बोलावलं होतं. ठरलेली दुभाषी ऐन वेळी आजारी पडली.

"बर्वे-सान, तुमचं जपानी चांगलं आहे. इंग्रजी तर शाळेपासूनचं. एकच दिवस."

जपानमध्ये अशा 'एकच दिवस'ला नाही म्हणता येत नाही. मला तर कुठेच येत नाही.

प्रश्न एका झऱ्याचा होता. नासेरियान यांच्या मतदारसंघात एका सफारी कॅम्पने कुंपण घातलं आणि झरा आत गेला. उन्हाळ्यात गुरं तिथेच पाण्यावर यायची. जुन्या वाटेने जाणाऱ्यांना आता मार बसतो, गुरं अडकवली जातात. सभागृहात त्यांनी हे अनेकदा मांडलं. उत्तर मिळालं नाही. मात्र कॅम्पचे बहुतेक पाहुणे एक जपानी पर्यटन कंपनी पाठवते आणि तिचा नवा करार या महिनाअखेर व्हायचा होता. वाट मोकळी झाल्याशिवाय कंपनीने सही करू नये, एवढं एकच मागायला त्या आल्या होत्या. कंपनीचे संस्थापक ओहाता-सान यांनी आम्हाला ऑफिसात न बोलावता यात्सुगाताके डोंगरांच्या पायथ्याशी, गावातल्या घरी बोलावलं होतं.

"घरी म्हणजे चांगलंच ना?" मी मोरी-सानना विचारलं.

"चांगलं. किंवा चहा पाजून परत पाठवणं."

शिंजुकूच्या फलाटावर नासेरियान उभ्या होत्या. उंच, पन्नाशीच्या, निळ्या कोटावर लाल चौकड्यांची शुका (अंगावर घ्यायचं मसाई वस्त्र). मी इथल्या सवयीने वाकून नमस्कार केला आणि त्यांनी माझ्या डोक्यावर तळहात ठेवला. मी ताठरले. मला कुणी हात लावलेला आवडत नाही.

"आमच्यात लहानांनी डोकं पुढे करायचं, मोठ्यांनी हात ठेवायचा," त्या म्हणाल्या. "तू केलंस, मला वाटलं कुणीतरी शिकवून पाठवलंय."

मोरी-सान रुमालात तोंड लपवून हसत होत्या.

गाडीत मोरी-साननी सर्वांसाठी एकिबेन (स्टेशनवर मिळणारे जेवणाचे डबे) घेतले होते. प्रत्येकात मासा. नासेरियान यांच्या लोकांत मासा खात नाहीत आणि मी तर अंडंही खात नाही. मोरी-सानचा चेहरा इतका पडला की मी घाईने दशम्या काढल्या. पीठ दुधात भिजवलंय म्हटल्यावर नासेरियान यांनी दोन घेतल्या, मग तिसरी. "पाणी न घालता? शहाणे लोक," त्या म्हणाल्या. दाण्याच्या चटणीने मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मोरी-साननी मान खाली घालून तिघींचे मासे संपवले.

मग नासेरियान यांनी कंपनीची पुस्तिका उघडली. पिवळ्या गवताची टेकडी, एकटं झाड आणि वर मोठी अक्षरं.

"काय लिहिलंय?"

"निर्मनुष्य," मी चाचरत सांगितलं. "इथे माणूस राहत नाही, असं."

त्यांनी फोटो जवळ धरला. "ही टेकडी माझ्या मावशीकडची. फोटो काढणारा तिच्या दाराकडे पाठ करून उभा आहे."

जमीन तिची का, असं मी विचारलं. "तिची नाही, सगळ्यांची. पण ती तिथे असते." मला एकदम बाबांच्या तोंडचा शब्द आठवला, गायरान. साताऱ्याकडच्या आमच्या गावाबद्दल ते फोनवर कुणाशी बोलायचे तेव्हा यायचा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. गायरान म्हणजे नक्की काय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मोठी गाडी सोडून दोन डब्यांच्या छोट्या गाडीने चढ चढलो. उतरल्यावर हवा इतकी स्वच्छ होती की डोंगर हाताशी आल्यासारखे वाटले. मोरी-सानच्या कागदावर स्टेशन ते घर बावीस मिनिटं लिहिली होती. पण वाटेत गोठा लागला आणि नासेरियान आत शिरल्या. काळ्यापांढऱ्या गाई ओळीने बांधलेल्या. त्यांनी एकीच्या पाठीवरून हात फिरवला, दात पाहिले, आणि गोठेवाल्याला विचारायला लावलं, "बाहेर कधी सोडता?"

"सोडत नाही," तो म्हणाला. "पूर्वी सोडायचो. वरचं गवत गेलं." त्याने डोंगराच्या उतारावरच्या लाल छपरांकडे हात केला. शहरवाल्यांचे सुट्टीतले बंगले.

आम्ही पंचवीस मिनिटं उशिरा पोचलो. मोरी-साननी दारातच चार वेळा माफी मागितली.

ओहाता-सान ऐंशीच्या पुढचे, अगदी किरकोळ अंगाचे. शेजारी त्यांची मुलगी बसली होती, पन्नाशीची, हल्ली कंपनी तीच चालवते. तिच्यासमोर पुढच्या वर्षाच्या पुस्तिकेची तपासायची प्रत होती. टेकडी तीच, शब्द तोच.

नासेरियान पाऊण तास बोलल्या. आवाज चढला नाही. कुंपण कधी आलं, कुणाची किती गुरं मेली, कुणाचा हात मोडला, एकेक नाव घेऊन. त्यांचे शब्द माझ्या तोंडून जपानीत बाहेर पडत होते आणि मला माझाच आवाज अनोळखी वाटत होता. इतकी नावं पाठ असलेली राजकारणी मी पाहिली नव्हती.

मुलीने शांतपणे ऐकलं. मग वाकून म्हणाली, "माएमुकी नि केंतो शिमासु." (सकारात्मक विचार करू.)

मी तसंच सांगितलं. माझं काम तेवढंच होतं. पण नासेरियान माझ्याकडे वळल्या. "हे हो आहे का?"

इथे राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे, हा नकार असतो; मऊ कापडात गुंडाळलेला. तो उलगडून दाखवणं दुभाष्याचं काम नाही. न दाखवता त्यांना परत पाठवणं कुणाचं काम होतं, तेही मला कळेना. मोरी-सान चटईकडे पाहत होत्या.

मी मुलीकडे वळले आणि जपानीत म्हणाले, "त्या विचारतायत, हे हो आहे की नाही. त्या फार लांबून आल्यात. मी काय सांगू, ते तुम्हीच सांगा."

त्या घरातलं माझं स्वतःचं पहिलं वाक्य. कान तापले.

बोलले ते ओहाता-सान. मुलीशी नव्हे, नासेरियान यांच्याशी. "पाऊस कमी झाला, तर कुठलं गवत राखायचं हे कोण ठरवतं?"

"म्हातारी माणसं," त्या म्हणाल्या. "घराजवळ ओलोपोलोली (वासरांसाठी राखलेलं कुरण) असतं. तिथे मोठं जनावर घातलं तर शेजारी बोलणं सोडतात."

म्हातारा हसला. "आमच्याकडे इरिआइची (गावाने मिळून वापरायचं रान) होतं. गवत कापायचा दिवस गाव ठरवायचं. माझ्या वडिलांनी दोन दिवस आधी विळा चालवला. मग सगळ्या गावाला साके (तांदळाची दारू) पाजावी लागली. आई वर्षभर टोमणे मारत होती."

"रान कुठे आहे?"

त्यांनी खिडकीबाहेर लाल छपरांकडे पाहिलं. "विकलं. कागदावर 'ओसाड' लिहिलं होतं. सगळ्यांनी शिक्के मारले. मीही."

मग ते उठले, कपाटातून छोटी डबी आणली. मुलीसमोरची प्रत ओढली, 'निर्मनुष्य'वर पट्टीने दोन रेघा मारल्या आणि रेघांवर आपला हांको (नावाचा शिक्का) उमटवला. जपानमध्ये कागदावरची चूक अशीच दुरुस्त करतात. नुसती रेघ म्हणजे खाडाखोड. शिक्का पडला की ती दुरुस्ती त्या माणसाच्या नावावर.

"बाबा, यावर आता तुमचा शिक्का चालत नाही," मुलगी हळूच म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून जागा सोडलीय."

खरंच, शिक्क्याशेजारी बोटभर जागा होती. मुलीने प्रत आपल्याकडे ओढून घेतली. मग तिने पर्समधून आपला हांको काढला.

"कॅम्पकडून पाण्याच्या वाटेचं लेखी उत्तर येईपर्यंत करारावर सही होणार नाही," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं. "हे हो आहे. असं सांगा."

मी सांगितलं. नासेरियान यांनी ओहाता-सानसमोर डोकं पुढे केलं. ओहाता-सानना वाटलं नमस्कार. ते आणखी खाली वाकले. त्या त्याहून खाली. शेवटी मला मध्ये पडून म्हाताऱ्याला सांगावं लागलं, "हात ठेवा. तुम्ही मोठे आहात." त्यांनी ठेवला, आणि कानापर्यंत लाल झाले.

परतीच्या गाडीत मोरी-सान म्हणाल्या, "उत्तर यायचं आहे अजून. कॅम्पवाले सहज ऐकणार नाहीत."

"मी बावीस वर्षं बोलतेय," नासेरियान म्हणाल्या. "महिनाभर थांबू शकते." आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या. इतक्या दमल्या होत्या, हे दिवसभर दिसलं नव्हतं.

शिंजुकूला निरोप घेताना मी वाकले आणि या वेळी लगेच सरळ झाले नाही. त्यांचा हात आला. जड होता, ऊबदार.

निशी-कसाईला उतरल्यावर फलाटावरूनच बाबांना फोन लावला. भारतात दुपार होती.

"बाबा, आपल्या गावाचं गायरान कुठे आहे?"

"आता कुठलं? तिथे फार्महाउसं झाली. का गं, एकदम?"

"कुठून कुठपर्यंत होतं, ते मला नीट सांगा," मी म्हणाले, आणि बाकावर बसून बॅगेतून वही काढली.