अंगणापुरती वायर

सत्तरच्या दशकात अंबडच्या आमच्या घरात दोन रेडिओ होते. एक वडिलांचा, बातम्यांचा. दुसरा मी स्वतः जोडलेला, संदेश पाठवणारा; त्याचं रीतसर लायसन होतं. मी मोर्सची कळ दाबायला लागलो की वडिलांच्या बातम्यांत नुसती टकटक ऐकू यायची आणि ते घर डोक्यावर घ्यायचे.

एका संध्याकाळी ते पक्कड घेऊन अंगणात आले. माझ्या सेटची वायर, म्हणजे एरियल, छपरावरून शेजारच्या लिंबापर्यंत गेली होती.

"अंगणाच्या भिंतीबाहेर वायर बिलकुल न्हाई. आत राहून चालत असंल तर ठेव, न्हाईतर मंग तुझं खोकं हिरीत."

आता सगळं ट्यूनरवर होतं. जुन्या रेडिओचा कंडेन्सर आणि मी गुंडाळलेली कॉइल, एवढाच तो डबा. वायर लांब असो की आखूड, सेटची ताकद तिच्यात उतरवायची हे त्याचं काम. उतरली की मीटरचा काटा खाली, परत फिरली की वर. किती आखूड वायर तो पेलतो, हे मी कधी तपासलंच नव्हतं.

वडिलांनी भिंतीपाशी वायर कापली. मी खिडकीशी बसून गुंड्या फिरवल्या, कळ दाबली. काटा खाली.

"चालतंय!" मी ओरडलो.

ते चिडले. त्यांनी आणखी कापली. पुन्हा जुळलं. मला चेव चढला, त्यांना त्याहून जास्त. आई मधे पडली, तर तिला असं ढकललं की ती रांजणावर आपटून खाली पडली. मी धावून त्यांची गचांडी धरली. त्यांनी पक्कड माझ्या कपाळावर हाणली.

"बस तिथं! दाब!"

रक्त पुसत मी परत बसलो. शेवटी त्यांचाच पोरगा.

आता ओसरीच्या खांबापासून खिडकीपर्यंतचा तुकडा उरला. काटा वरून हलेना. कंडेन्सरमध्ये निळ्या ठिणग्या चटचटल्या. संपलं हे कळूनही मी कळ सोडली नाही. तेवढ्यात वडिलांनी तो तुकडा उपटायला त्याचं उघडं टोक मुठीत धरलं.

काटा एकदम तळाला गेला. कमी पडलेली वायर त्यांच्या अंगाने भरून काढली होती; इतकं चांगलं त्या संध्याकाळी एकदाही जुळलं नव्हतं. मी आधी काट्याकडे बघितलं. मग जळक्या कातडीचा वास आला, आणि मग मी बोट उचललं.

त्यांनी मूठ उघडली. तळव्यावर पांढरा चट्टा होता. ते ओरडले नाहीत.

"माझा हात जळू राह्यला व्हता," ते म्हणाले, "आन् तू काय बघत व्हतास?"

त्याच हाताने त्यांनी माझ्या थोबाडीत ठेवून दिली आणि आईला उठवायला गेले.

खोकं विहिरीत टाकायला ते परत आले नाहीत. मीच नेऊन टाकलं.